शेठच्या पोटातला सोफा

तिनं दार उघडलं तेव्हा समोर एक वाकडा चष्मा उभा होता. चष्म्यामागे माणूसही होता म्हणा... उंच, खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांत कापसाचा एक तंतू. पण ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर काचा घासायच्या, दांड्या वाकवायच्या, लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिची नजर आधी तिकडेच जायची.

"सोफा कोपऱ्यातून फाटलाय ना?" त्यानं विचारलं.

फाटला होता खरा. घर मावशीचं, सोफा मावशीचा, आणि तो फाडणारा शेठही मावशीचाच. मावशी आठ दिवस मैत्रिणीकडे गेली होती आणि भाचीला शेठच्या सेवेला ठेवून गेली होती. सोफेवाल्याचं सांगायला विसरली असेल, असं समजून तिनं त्याला आत घेतलं.

शेठ म्हणजे मावशीचा चिंचिला. ससा म्हणावा तर शेपूट खारीसारखी, उंदीर म्हणावा तर अंगावर मखमल, आणि रुबाब असा की घराचं भाडं तोच घेतो. त्याला उकाडा सोसत नाही, म्हणून घर कायम गार. म्हणून ती भर दुपारीही लोकरीच्या स्वेटरात.

अकरा वाजता सोफेवाल्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज तिलाही ऐकू आला. "अहो, चौथ्या मजल्यावर सकाळपासून वाट बघतोय आम्ही!"

त्यानं खिशातली चिठ्ठी काढली, मान तिरपी करून वाचली. "हा... चौथा नाही?"

"तिसरा."

"मग हा सोफा?"

"मावशीचा."

दोघांनी सोफ्याकडे पाहिलं. कापड सोललेलं, स्प्रिंगा उघड्या, सगळा मामला हाताबाहेर गेलेला. आणि जमिनीवर, फाडून काढलेल्या स्पंजाच्या ढिगावर, शेठ बसले होते. पिंजऱ्याची कडी नीट लागलीच नव्हती. गाल हलत होते.

"अगं बाई!" तिनं झडप घालून त्याला खांद्यावर घेतलं. "उलटी करवायला हवी. मीठ-पाणी? दूध? तेल?"

"थांबा, थांबा. आधी डॉक्टर."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर शांत होत्या. इतक्या शांत की हिचे हातपाय आणखीच गार पडले. "उलटीचा नाद सोडा. या प्राण्याला उलटी होतच नाही. दूध, तेल, मीठ, काही पाजू नका. उरलेलं दूर करा. काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं नीट सांगा, आणि त्याचा नमुना घेऊन लगेच या."

"किती ते कसं कळणार?" ती रडकुंडीला आली.

सोफेवाला मात्र गुडघ्यांवर बसला होता. स्पंजाचा एकेक तुकडा उचलून, कडा जुळवून, त्यानं जमिनीवर अख्खी गादी मांडली. मध्ये एकच भोक राहिलं, अंगठ्याएवढं.

"एवढं," तो हळूच म्हणाला. "गोंद नव्हता लावला अजून. चूक माझी आहे. मी खाली टाकायला नको होतं."

"कडी मी नाही लावली."

"मजला मी चुकलो."

चुकांची अशी ओढाताण करत, पिंजऱ्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली ठेवून, दोघं दवाखान्यात पोचले.

"मालक?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवलं.

"मावशी."

"तुम्ही?"

"भाची."

"आणि हे?"

ती त्याच्याकडे वळली. खरंच, हे कोण?

"सोफा," तो म्हणाला.

बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि शेठला आत नेलं. बाहेर थांबणं तिला असह्य झालं. हाताला काहीतरी काम हवं होतं. "द्या तो चष्मा," ती एकदम म्हणाली. तिनं दांडी चिमटीत धरली, गरम श्वास टाकला, जरा दाबली, आणि चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर बसवला. कानामागे बोटं क्षणभर जास्तच रेंगाळली का? छे! कामाची सवय, दुसरं काय...

त्यानं डोळे मिचकावले. "अरे, तुम्ही अशा दिसता होय?"

"अशा म्हणजे कशा?"

तेवढ्यात दार उघडलं. "पोट आत्ता मऊ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त गवत आणि पाणी. संध्याकाळपर्यंत लेंड्या मोजा. थांबल्या किंवा खाणं सोडलं, तर तसंच उठून या. मग भूल देऊन पोट उघडावं लागेल, आणि एवढ्याशा जीवाला भूल म्हणजे..."

घरी परतताना जिन्यात तो तिच्या मागे एक पायरी होता. "काही होणार नाही त्याला," तो अचानक म्हणाला. इतका ठाम? हा सोफेवाला की वैद्य, तिला काही कळेना.

मग दोघं पिंजऱ्यासमोर पांढरा कागद अंथरून बसले. प्रेमकथेत लोक चांदण्या मोजतात. यांच्या वाट्याला लेंड्या आल्या.

"नऊ," ती.

"दहा. ती पायाखाली लपलीय."

"तुम्हाला बरं दिसतं!"

"दुपारपासून दिसतं."

जीव जायची वेळ शेठवर, धडधड इकडे, आणि ती कुणासाठी याचा पत्ता नाही. तिला स्वतःचाच राग आला. पाणी आणायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, बाह्या वर सरेनात म्हणून स्वेटर काढला... आणि पाठीवरच्या लोकरीत अडकलेला तो पिवळा तुकडा तिला दिसला. अंगठ्याएवढा. शेठला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याच्या पंजातून आला असणार.

जीव भांड्यात पडायला हवा होता. तो भलतीकडेच पडला. हे सांगितलं की शेठ बरा, आणि सोफेवाला चौथ्या मजल्यावर. सांगावं? सांगायलाच हवं. आत्ता? पाच मिनिटांनी? तिनं तुकडा चष्म्याच्या डबीत टाकला, डबी खिशात टाकली, आणि चोरासारखी परत येऊन बसली.

"बारा," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "घाबरू नका हो. मी आहे ना. तो बरा आहे हे पाहिल्याशिवाय मी हलणार नाही."

हे मात्र तिला सोसेना. मागून घेतलेला धीर आणि चोरून घेतलेला यात फरक असतो. तिनं डबी उघडून त्याच्यापुढे धरली. "हा माझ्या स्वेटरला होता. अर्धा तास झाला, मी लपवून ठेवला. तुम्ही जाल म्हणून."

त्यानं तुकडा उचलला, भोकात बसवला. बसला. फक्त कडेला टाचणीच्या डोक्याएवढी जागा उरली, आणि तेवढाच पिवळा ठिपका बाराव्या लेंडीत दिसत होता.

"मला माहीत होतं," तो खाली बघत म्हणाला. "जिन्यात दिसला. तुमच्या पाठीवर."

"काय? आणि बोलला नाहीत? मी इथे मरत होते!"

"सतरांदा म्हणालो, काही होणार नाही. खरं कारण सांगितलं असतं, तर तुम्ही आभार मानून दार लावलं असतं. चुकलंच माझं. पण चष्मा तुम्हीच सरळ करून दिलात ना... नाहीतर मला कशाला दिसतंय?"

रागवावं की हसावं हे तिला कळेना. दोन्ही एकदमच आलं. तेवढ्यात सहाच्या ठोक्याला मावशीचा फोन. "शेठला दे गं!" तिनं फोन पिंजऱ्याजवळ धरला. शेठ कचाकचा गवत खात होते. "जेवतोय बाई माझा शेठ," मावशी पलीकडून विरघळली. मग अधीर होऊन विचारलं, "नवीन काय?"

"काही नाही मावशी. सोफा जरा उसवलाय. शिवून होईल." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "चार-पाच दिवस लागतील म्हणे."

फोन ठेवल्यावर त्यानं पिशवी खांद्याला लावली. "उद्या आधी चौथा मजला आहे. आणि आता सरळ दिसतं. चुकून इकडे यायचं काही निमित्तच राहिलं नाही बघा."

तो दारात थांबला... जायचं असलेला माणूस इतका वेळ थांबत नाही. ती जवळ गेली. हात पुढे केला.

"आण तो चष्मा इकडे," ती म्हणाली. "जरासा वाकडा करून देते."