सुगरण आणि ससाणा

प्रतिस्पर्धी कंपनीची ‘ससाणा’ नावाची चिप सेकंदाला सहा अब्ज ठोके (ज्यांच्या तालावर चिप गणिताची एकेक पायरी करते) द्यायची आणि रेवतीआत्याच्या कंपनीची ‘सुगरण’ फक्त चार अब्ज. तरी आत्या इतकी निर्धास्त कशी, हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटेना. चक्रीवादळाचा इशारा देणाऱ्या केंद्रासाठी आज नाशिकला दोन्ही चिपांची चाचणी होती. जी चिप वादळाची वाट आधी सांगेल, तिची निवड होणार होती.

आत्या कंपनीची प्रमुख होती, पण मूळची चिपांचे आराखडे काढणारी. ठोके वाढवा, असा संचालकांचा आग्रह होता. आत्याने स्वतः आराखडा तपासला आणि ठाम नकार दिला. हरलो तर पद सोडेन, असंही सांगून टाकलं.

“पण ठोके जास्त म्हणजे वेग जास्त ना?” शाल्मलीने विचारलं.

“पोळ्या लाटणारीचा हात कितीही भरभर चालू दे,” आत्या म्हणाली, “कणकेचा गोळा दर वेळी शेजारच्या घरून आणावा लागला, तर पंगत उपाशीच राहील.”

मग तिने समजावलं. प्रोसेसर (संगणकाचं गणित करणारा भाग) बराच वेळ माहितीची वाट बघत नुसता बसून असतो. म्हणून सुगरणीत तिने मोठी कॅशे (प्रोसेसरच्या हाताशीच असलेली साठवण) बसवली होती. शिवाय ठोके वाढले की चिप तापते आणि जळू नये म्हणून तिला स्वतःच मंदावावं लागतं.

चाचणी सुरू झाली. ससाण्याने मुसंडी मारली. पण हळूहळू ससाणा तापला, रेंगाळला. सुगरण एका लयीत चालत राहिली आणि पडद्यावर वादळाची वाट तिनेच आधी उमटवली. शाल्मलीचा ऊर भरून आला. आपली आत्या नुसते हुकूम सोडणारी नव्हती, तिला चिपच्या आतलं सगळं कळत होतं.

ससाणा बनवणारे निनाद वैद्य स्वतः आले आणि आत्याशी नुसतं हस्तांदोलन करून गेले नाहीत, तर खुर्ची ओढून बसलेच. तेही इंजिनिअर. हार कुठे झाली ते त्यांनी नेमकं ओळखलं होतं. पुढच्या वर्षी ससाण्याचीही कॅशे मोठी असेल, असं ते हसत म्हणाले. तुम्ही मागे असलात की आमचे पाय चालतात, असं आत्यानेही कबूल केलं.

शाल्मली मात्र विचारात पडली होती. “साठवण शेजारी ठेवण्याऐवजी प्रोसेसरच्या डोक्यावरच माळ्यांसारखी रचत नेली तर?”

दोघांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. दोघांच्याही प्रयोगशाळांत तेच काम चालू होतं.

“मग खाली दबलेल्या प्रोसेसरची उष्णता बाहेर कुठून काढायची?” आत्याने तिलाच विचारलं, आणि वैद्यांनी उत्तर ऐकायला खुर्ची पुढे सरकवली.