सहदेव मोरे, हजर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हसायचं तर शेवटी हसा.

अठराशे ब्याऐंशी सालचा वैशाख. मी कल्याणच्या कचेरीत कारकून होतो. कंदाहारच्या मोहिमेतलं एक चांदीचं पदक दिवा गावी, शिपाई सहदेव मोरेच्या विधवेला, गोदूबाईंना पोचवायचं होतं. सहदेव लढाईत नव्हे, छावणीत पटकीनं मेलेला. गावात मात्र बोलवा होती, की तो पलटणीतून पळाला. गोदूबाईंशी कोणी धड बोलत नसे.

भर दुपारी पोचलो. गोदूबाईंनी दाराजवळच्या हंड्यातून मला पाणी दिलं. पहाटे कोसभरावरून आणलेला हंडा, काठोकाठ भरलेला.

"पदक कोणाचं, नाव सांगा," मी म्हटलं. नाव वारसानंच सांगायचं असा नियम, आणि मी नियमावर बोट ठेवणारा माणूस.

"मी कसं घेऊ त्यांचं नाव, रावसाहेब?"

"मग उखाण्यात घ्या."

विधवेला असं बोललो. जीभ झडायला हवी होती माझी.

"हे परत गेलं, तर गाव बोलंल, पळालाच होता..." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण नाव काही ओठांवर येईना. मी पदक पिशवीत टाकलं.

तेवढ्यात माजघरातून पुरुषाचा आवाज आला. दमलेला, पण ताठ.

"शिपाई सहदेव मोरे... हजर. आजाऱ्यांना पाणी पाजतोय, साहेब..."

ओल्या कांबळ्याचा, आजारपणाचा वास दारापर्यंत आला. दीर असेल, नाव सांगून चेष्टा करतोय, असं मी मनाला समजावलं. पदक घाईनं बाईंच्या हातात दिलं, अंगठा घेतला आणि सोबतचं पलटणीचं पत्र फोडून मोठ्यानं वाचलं. पटकीच्या तंबूत कोणी पाऊल टाकीना, तेव्हा हा शिपाई अकरा दिवस आजाऱ्यांना पाणी पाजत राहिला. बाराव्या दिवशी स्वतः गेला.

धन्य तो माणूस! शेजारची दारं एकेक करून उघडली.

"आत कोण आहे, बाई? दीर?"

"घरात मी एकलीच, रावसाहेब."

मी पुन्हा पाणी मागितलं. त्यांनी हंड्यात तांब्या घातला, तो खणकन तळाला लागला. हंडा कोरडा ठाक होता. जमिनीवर एक थेंब नव्हता.

गोदूबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पदक देवापुढं ठेवलं आणि हंडा कमरेवर घेतला.

"आणखी आणते. त्यांच्याकडं अजून किती जण तहानलेले असतील, कोण जाणे..."