एकसष्ट चाळीसची रेघ

माझं काम रस्त्यांची उंची मोजण्याचं. तिपाईवर लेव्हल लावायची, समोर कुणीतरी उभी धरलेली पट्टी दुर्बिणीतून वाचायची, आणि समुद्रसपाटीपासून हा खांब किती वर, ते गटार किती खाली, हे लिहून काढायचं. बावीस वर्षं हेच करते आहे. मिलिमीटरची चूक मला खपत नाही. तरी घरच्या पडद्यांचं माप मी चार बोटं चुकवलं, आणि त्या शनिवारी सकाळी पडद्यांचं गाठोडं काखेत मारून मुकाट ताईकडे निघाले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकटी राहते, शिवणकाम करते. आमचं उपनगर उतारावर वसलेलं आहे. माझं घर वरच्या रस्त्याला, तिचं अगदी तळाच्या गल्लीत. चालत सात मिनिटं. त्या गल्लीत अकरा बैठी घरं, प्रत्येकाला कमरेएवढी कुंपणभिंत, आणि शेवटी एक बंद फाटक. बस एवढंच.

त्या दिवशी धुकं होतं. धुक्यात कोळ्यांची जाळी दिसतात, एरवी नजरेला न येणारी. प्रत्येक धाग्यावर थेंब ओवलेले. माझ्या फाटकावर, कुंपणावर, गाड्यांच्या आरशांवर जाळीच जाळी होती. उतरता उतरता माझ्या लक्षात आलं की, भिंतींच्या पायथ्याशी एकही जाळं नाही. कोपऱ्यावर घोट्याएवढा पट्टा मोकळा होता. पत्रपेटीपाशी तो कमरेपर्यंत आला. पुढे भिंती पूर्ण मोकळ्या, जाळी फक्त खिडक्यांच्या वर. आणि ताईच्या गल्लीत ती थेट पागोळ्यांखाली, हात वर केला तरी पोचणार नाही इतक्या उंचीवर.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, जाळी हळूहळू वर चढताहेत. पण मी उताराकडे वेगळ्या डोळ्यांनी बघते. जाळी चढत नव्हती. रस्ता उतरत होता. जाळ्यांची खालची कड जिथल्या तिथे होती, पाटीवर पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ, आडवी.

पडदे ताईच्या टेबलावर टाकले आणि उलट पावली निघाले. चहाला थांब म्हणाली, तेही नीट ऐकलं नाही. मला किडेसरांना गाठायचं होतं.

किडेसर आमच्या समोरच राहतात. शाळेत मला जीवशास्त्र शिकवायचे. खिशात काड्यापेटी आणि काड्यापेटीत किडा, म्हणून हे नाव पडलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की पत्राखाली सहीसुद्धा तीच करतात. मी दारातूनच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला आत नेऊन एक वही दाखवली. तीन आठवड्यांपासून ते चतुरांच्या मागावर होते. चतुराची मादी पाण्यावर शेपूट टेकवत टेकवत अंडी घालते. इथल्या माद्या हवेत शेपूट टेकवत होत्या. कशावरच नाही, नुसत्या हवेत. पाकोळ्याही पत्रपेटीच्या रस्त्यावरून जाताना एका ठरावीक उंचीवर चोच बुडवल्यासारख्या झुकत आणि वर जात.

"मी कुणाला सांगितलं नाही," सर म्हणाले. "वयाचा परिणाम म्हणतील. पण तू तर मोजू शकतेस."

रविवारी मी ऑफिसची लेव्हल घरी आणली. सरांनी पट्टी धरली. मी दुर्बिणीतून पाहत होते आणि सर त्या सत्तर वर्षांच्या पायांनी या भिंतीवरून त्या भिंतीकडे पळत होते. जाळ्यांची खालची कड, चतुरांची टेकण्याची उंची, पाकोळ्यांची झुकण्याची. एकोणीस ठिकाणं. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आकडेमोड केली. पहिला आकडा एकसष्ट मीटर चाळीस. दुसरा एकसष्ट एकेचाळीस. तिसरा पुन्हा चाळीस. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. एकोणिसाव्यापर्यंत आम्ही दोघंही उभेच होतो. दोन सेंटिमीटरच्या आत सगळे. एवढं सपाट जगात एकच असतं, आणि ते दोघांच्याही मनात आलं होतं, पण आधी कुणी बोलायचं म्हणून आम्ही थांबलो होतो.

सोमवारी ऑफिसच्या तळघरात जुने नकाशे काढले. वसाहत व्हायच्या आधीचा कापडावरचा नकाशा, घड्यांवर फाटलेला. जिथे ताईची गल्ली आहे तिथे निळ्या शाईनं एक लांबट, वाटाण्याच्या शेंगेसारखा आकार रंगवला होता. काठाला लव्हाळ्यांच्या खुणा. एका बाजूला झाडांची रांग, त्यातली दोन आजही बंद फाटकाशी उभी आहेत. मधोमध बारीक अक्षरात लिहिलं होतं: तळं, कायम पाणी. आणि खाली पातळी. एकसष्ट चाळीस.

मी ऑफिसात उड्या मारल्या नाहीत, पण त्या जेमतेम आवरल्या. सरांना फोन केला आणि आकडा सांगितला. मग त्यांनी हिशेब मांडला. तळं बुजवून सत्तेचाळीस वर्षं झालेली. चतुराची एक पिढी फार तर वर्षाची. म्हणजे या चतुरांच्या सत्तेचाळीस पिढ्यांनी ते पाणी पाहिलेलंच नाही. मग त्यांना सांगतं कोण?

पुढचे दहा दिवस आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे वागलो. मी ऑफिसातून आले की सर फाटकाशी तयार. थंड हवेचा थर असेल म्हणून आम्ही दोरीला थर्मामीटर बांधून रेघेच्या वर आणि खाली मोजलं. फरक नाही. ओलावा मोजला. फरक नाही. जमिनीत पाणी असेल म्हणून एका ओळखीच्या विहीरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की, तिथे भरावाखाली कोरडा ठणठणीत खडक आहे. प्रत्येक कारण खोटं ठरलं की आम्हाला आणखी चेव यायचा. इतकी वर्षं मी उंची मोजत आले, पण मोजलेल्या आकड्यानं अंगावर काटा आणल्याचं हे पहिलंच. मला झोप कमी लागायची आणि सकाळी तरी ताजं वाटायचं.

एक दिवस सरांनी गल्लीच्या तोंडाशी मला नुसतंच बोटानं दाखवलं. पारव्याचं एक पीस हवेत पडून होतं. तरंगत नव्हतं, खाली येत नव्हतं. डोक्याच्या जरा वर, आडवं, पडून. वारा आला तेव्हा ते सरकलं, सपाटच, आणि भिंतीशी जाऊन टेकलं.

"मोजू?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?" सर म्हणाले. मी मोजलंच नाही.

ताईचा विषय मी आतापर्यंत टाळला आहे, तसाच तेव्हाही टाळत होते. तिच्या घराची फरशी अठ्ठावन्न पूर्णांक सत्तरवर आहे. हे मला माहीत होतं, कारण त्या रविवारी मीच मोजलं होतं. वजाबाकी केली नव्हती, एवढंच. गेले दोन महिने ती थकलेली असायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तिची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. उलट, आता गल्लीत किती शांत वाटतं, वरच्या रस्त्याचे आवाज कसे लांबून येतात, असं ती कौतुकानं सांगायची. शेजारीही तसंच म्हणायचे. सगळे सावकाश बोलत, सावकाश चालत. माझे पडदे अजून तिथेच पडून होते, आणि ताईकडे काम असं कधी पडून राहत नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्या टाकून बसलो. लख्ख ऊन होतं. सरांच्या मांडीवर वही, माझ्या हातात घड्याळ. विजेच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला. मान वाकडी करून त्यानं गल्लीत पाहिलं, बराच वेळ.

मग त्यानं सूर मारला.

डोक्याच्या जरा वर आवाज झाला. दगड पाण्यात पडल्याचा, लहानसा.

पक्षी रेघेखाली गेला, दिसत होता, पण हलताना संथ झाला होता. पंख मिटलेले. मग तो वर आला आणि तारेवर जाऊन बसला. त्यानं अंग झाडलं. सरांच्या वहीवर पाच-सहा थेंब पडले आणि कालच्या नोंदींची शाई पसरली.

त्याच्या चोचीत बोटाएवढं काहीतरी चकाकत होतं. त्यानं ते दोनदा तारेवर आपटलं आणि गिळलं.

सरांनी वेळ विचारली. चार वाजून सात मिनिटं. त्यांनी ती लिहिली. चेहरा असा उजळलेला होता की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मलाही हसू फुटलं. आम्ही दोघं त्या ओल्या कागदाकडे बघून हसत राहिलो.

हसणं थांबलं तेव्हा गल्लीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. ताईचं यंत्र धडधडत चालतं, लांबून ओळखू येतं. आता एकेक टाका वेगळा ऐकू येत होता. टक. मग बऱ्याच वेळानं, टक.

मी वजाबाकी केली. दोन मीटर सत्तर.

मी आत गेले. चार पावलांत कान बंद झाले, विमान उतरताना होतात तसे. सर मागून काहीतरी ओरडत होते, ते कळलं नाही. ताईचं दार उघडंच होतं. दोरीला शिवलेले फ्रॉक टांगले होते आणि त्यांचे घेर पसरून उचलले गेले होते, सगळे एका बाजूला, मग हळूच दुसऱ्या बाजूला. पंखा बंद होता.

ताईनं मान वर केली. "धावतेस काय अशी? केवढा आवाज करतेस."

माझ्याबरोबर चल म्हटलं तर ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं, पडद्यांचं माप पुन्हा चुकलंय, खिडकीला लावूनच बघावं लागेल, आत्ता. कामाचं म्हटल्यावर ती उठली. गाठोडं घेतलं. मी तिचा दंड धरला.

गल्लीच्या तोंडाशी आलो. चढ लागला. ती एक पाऊल चढली, दुसरं चढली.

तिसऱ्या पावलाला तिचं डोकं रेघेवर आलं.

आणि तिनं श्वास घेतला.

पूर्ण तोंड उघडून, छातीचा भाता करून, घशातून ओरखडा निघेल असा. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या दंडात तिची नखं रुतली. सर खुर्ची सोडून उभे राहिले होते.

"किती दिवसांनी," ती म्हणाली.

काय किती दिवसांनी, असं मी विचारलं. ती पुन्हा श्वासच घेत राहिली.

तेव्हापासून ताई माझ्याकडे आहे. तिचा थकवा चार दिवसांत गेला. पडदे झाले, आता उशांचे अभ्रे चालू आहेत आणि माझ्या मापांवर रोज एक टोमणा. गल्लीतल्या बाकी दहा घरांमध्ये मी गेले होते. दारातच उभी राहून, एका दमात जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणी रागावलं नाही, कुणी हललंही नाही. एका आजोबांनी माझ्याकडे बघून, बस ना थोडं, असं इतक्या मायेनं म्हटलं की मी पळत सुटले. ऑफिसात कळवायचं तर कोणत्या रकान्यात, हे मला अजून सुचलेलं नाही.

रेघ मात्र चाळीसवर राहिली नाही. त्या रविवारनंतर सर रोज दुपारी मोजतात आणि मला आकडा कळवतात. त्रेचाळीस. एकोणपन्नास. अठ्ठावन्न. मी भिऊन जावं असे आकडे आहेत हे मला कळतं, पण फोन वाजला की मी स्वयंपाकघरातून धावत जाते. सर म्हणतात की, कोपऱ्यावरच्या बागेत त्यांना परवा लव्हाळ्याचा कोंब दिसला, कोरड्या मातीत. बोलताना त्यांना शब्द पुरत नाहीत. कालचा आकडा एकसष्ट ब्याऐंशी होता. माझ्या घराची फरशी एकसष्ट नव्वदवर आहे. आठ सेंटिमीटर हातात आहेत, आणि एक-दोन दिवसांत ताईला घेऊन वरच्या टेकाडावर खोली बघायची असं मी ठरवलं आहे.

आज सुट्टी. सकाळपासून हे सगळं क्रमानं लिहून काढायला टेबलाशी बसले आहे. ताई आतल्या खोलीत झोपली आहे. जेवणाआधी जरा डुलकी काढते म्हणाली. घर छान शांत आहे. रस्त्यावरची वर्दळ आज कमी असावी, आवाज लांबून येताहेत. बसून बसून पाठ धरली म्हणून मी आत्ता पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली.

फरशी कोरडी आहे, मी हात फिरवून पाहिला. माझ्या पायांचे तळवे पांढरे पडले आहेत, आणि दहाही बोटांच्या टोकांना, तासन् तास पाण्यात राहिल्यावर पडतात तशा, सुरकुत्या आहेत.