आईला विचारा

एकतीस वर्षांच्या नोकरीत न्यायाधीशांनी एकही तारीख उगाच पुढे ढकलली नव्हती. वकील मंडळी पाठीमागे त्यांना 'घड्याळ' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि राग येण्याऐवजी त्यांना थोडं बरं वाटलं होतं. पहिली नेमणूक याच गावात झाली होती, कोर्ट जुन्या इमारतीत भरत होतं तेव्हा. आता निवृत्तीही इथूनच व्हायची होती, आठ महिन्यांनी.

त्या मंगळवारी कुंपणाच्या भांडणाचा दावा होता. साक्षीला मोजणीदार उभा होता. तो बोलेल ते साहेब नेटक्या वाक्यांत सांगत आणि खाली बसलेल्या स्टेनोबाई टाइप करत. अकरा वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. संध्याकाळी सही करण्यापूर्वी साहेबांनी कागद वाचला. खांबांची संख्या, साखळीची लांबी, आणि मध्येच एक ओळ:

'मी त्या दुपारी वखारीत नव्हतो. घरी होतो. आईला विचारा.'

त्यांनी बाईंना आत बोलावलं. दुसऱ्या कुठल्या प्रकरणातलं इथे कसं घुसलं, असं विचारलं. बाई गोंधळल्या.

"साहेब, हे तुम्हीच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आवाज जरा वेगळा लागला, म्हणून मी वर बघितलं. तर तुम्ही मान हलवलीत."

दोघंही दमलोय, असं म्हणून साहेबांनी ओळ खोडली आणि बाजूला सही ठोकली.

गुरुवारी अपघाताच्या खटल्यात डॉक्टरांची साक्ष झाली. जखमांच्या मापांखाली टाइप झालं होतं: 'आईला अजून विचारलेलं नाही.' या वेळी त्यांनी बाईंना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून साक्ष स्वतःच्या हाताने लिहायची, असं ठरवलं.

शुक्रवारी त्यांनी तीन पानं लिहिली. तिसऱ्या पानाच्या तळाशी, त्यांच्याच शाईत, त्यांच्याच अक्षरात ओळ होती: 'ती बाहेर बसली आहे.'

साहेब उठून व्हरांड्यात आले. भिंतीलगतचं बाकडं रिकामं होतं. ही जागा दिवसभर सावलीत असे आणि त्या दिवशी तर हवाही गार होती. का कोण जाणे, त्यांनी लाकडावर तळहात ठेवला. एका टोकाला, एका माणसाएवढ्या जागेत, ते कोमट होतं.

रविवारी जेवताना त्यांनी बायकोला हे सगळं गमतीसारखं सांगितलं. ती शाळेत शिक्षिका होती; तिची स्मरणशक्ती घरात सगळ्यांना जड जायची. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"वखार म्हणजे ती जळालेली?" तिने विचारलं.

मग त्यांच्या पहिल्या नेमणुकीतलं ते प्रकरण तिनेच सगळं सांगितलं. कामावरून काढलेला एक सुतार होता, आग त्यानेच लावली असा आरोप होता. आईची साक्ष घ्या म्हणून त्याने अर्ज केला होता. म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून आठवड्याची मुदत मागितली होती. ती नाकारली गेली.

"दुसऱ्या दिवशी ती हातगाडीवर बसून आली होती," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत मला. पुराव्याचं काम संपलं म्हणून परत पाठवली म्हणालात. अगदी सहज सांगितलंत, आज ऊन फार होतं म्हणावं तसं."

साहेबांना यातलं काहीही आठवेना.

सोमवारी त्यांनी रेकॉर्डमधून फाइल मागवली. अर्ज होता. त्यावर त्यांचं तरुणपणीचं तिरकं अक्षर होतं: 'निव्वळ वेळकाढूपणा. नामंजूर.' शिक्षा तीन वर्षांची. दुसऱ्या हिवाळ्यात सुतार तुरुंगातच न्यूमोनियाने गेला, असं जेलचं पत्र शेवटी लावलेलं होतं. आईबद्दल एक अक्षर नव्हतं. जी साक्ष झालीच नाही, तिचा कागद कुठून असणार? ते बराच वेळ पेन उघडून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या कागदावर काय शेरा मारावा, ते त्यांना सुचत नव्हतं.

मंगळवारी दुपारी तीन वाजता चोरीचा खटला सुरू झाला. शिपायाने दारात उभं राहून पुढच्या साक्षीदाराला पुकारलं. दार उघडलं. आत कोणी आलं नाही.

पण वाटेवर बसलेल्या वकिलांनी पाय आखडून घेतले. कारकुनाने रिकाम्या पिंजऱ्यासमोर शपथेचं कार्ड धरलं, थांबला, मान डोलावली आणि परत जागेवर गेला.

सरकारी वकील उठले. वयस्कर माणसाशी बोलावं तसं, सावकाश आणि वाकून विचारू लागले.

"ती दुपार आठवते?"

शांतता. बाईंची बोटं चालू झाली.

"तुम्हाला पाणी कोणी पाजलं?"

शांतता. पुन्हा बोटं.

साहेबांना फक्त प्रश्न ऐकू येत होते. थांबवा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत तो तुमच्या उशाशीच होता?"

या वेळी शांतता लांबली. पहिल्या रांगेतल्या एका वकीलबाईंनी डोळे पुसले.

"आणि आता कुठे आहे तो?"

शांतता.

मग कोर्टातल्या प्रत्येकाने मान वळवून न्यायासनाकडे पाहिलं.

स्टेनोबाईंनी कागद काढला, पिंजऱ्याच्या कठड्यावर क्षणभर टेकवला आणि सहीसाठी वर आणला. खालच्या कोपऱ्यात अंगठा उमटला होता. लहानसा, रेषा झिजलेल्या. शाई ओली होती.

बाई जागेवर परत गेल्या नाहीत. त्यांची नजर साहेबांच्या चेहऱ्यावर नव्हती. खांद्याच्या जरा वर, मागे होती.

"साहेब," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "यांना एक खुर्ची आणू का? कधीचे उभे आहेत."