जस्ताची चकती

एप्रिलात खडकांवरचं बर्फ वितळलं की उत्तरेकडच्या बोहुसलेन किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर शेडाशेडांतून कॉफीचा आणि ग्रीसचा वास येतो. गुनव्होर होडीचं ड्राइव्ह उघडायला बसली होती. इंजिन होडीच्या पोटात असतं. ड्राइव्ह मागे, पंख्यासकट पाण्यात. त्याचे झिजलेले भाग पूर्वी तिचा नवरा सिक्स्टेन बदलायचा. मग एकदा होडी एकटीच परत आली. इंजिन चालू होतं, सिक्स्टेन नव्हता.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तेच. होडी शेडमध्ये ओढून गुनव्होर नवे जॉइंट, नवं बेअरिंग, नवा रबरी भाता बसवी. वसंतात ताडपत्री काढावी तर जॉइंट खडखडत, भात्याला चिरा गेलेल्या, आणि जस्ताची चकती अर्धी खाल्लेली. चकती असते बळी द्यायलाच. खारं पाणी बाकीचा धातू सोडून आधी तिला खातं. पण शेडमध्ये पाणी कुठलं? कोणी चोरून होडी नेत असेल, असं तिला आधी वाटलं. पण कुलूप जसंच्या तसं होतं आणि दारासमोरच्या बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"एप्रिलअखेरच्या वालबोर्गच्या शेकोटीत जाळून टाक ही होडी," तिचा दीर याल्मार दर वर्षी म्हणे. "समुद्र हिच्यावरचा हक्क सोडत नाहीये."

"माझा नवरा गिळला, तेवढं पुरे. अजून भूक असेल तर मरू दे उपाशी."

आणि ती बोलून थांबणारी बाई नव्हती. गेल्या शरदात तिने ड्राइव्हच उतरवलं, सगळे भाग नवे घातले आणि ते स्वयंपाकघरात चुलीशेजारी टांगलं. चकती मात्र बसवली नाही. समुद्राला आता चिमूटभर जस्तसुद्धा द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

हिवाळाभर लग्नाची अंगठी सैल होत गेली. आपण वाळलो, असं तिला वाटलं.

आज तेच ड्राइव्ह शेडमध्ये आणून तिने उघडलं. जॉइंट घट्ट होते, बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं, तेल मधासारखं स्वच्छ.

"बघ," ती म्हणाली. "हरला समुद्र."

शेजारी उभा असलेला याल्मार ड्राइव्हकडे बघत नव्हता.

"हात दाखव."

तिने ग्रीस पुसलं. सिक्स्टेनने तिच्या बोटात घातलेली जाड सोन्याची अंगठी दोऱ्याएवढी उरली होती. कडा कुरतडलेल्या, सोन्यावर खड्डे.

याल्मारने खिशातून नवी चकती काढून तिच्यापुढे धरली.

"बसव ही, गुनव्होर. नाहीतर अंगठी तरी काढ."

"दोन्ही नाही."

"सोन्याला पाणी खात नाही गं."

"माहीत आहे मला. पाना दे."

त्याने पाना दिला. तो धरायला तिने मूठ वळली, तशी अंगठी जरा सरकली.

खालच्या कातडीवरही तसेच बारीक खड्डे पडले होते. दुखत मात्र काहीच नव्हतं.