घड्याळजी वारले, असं मशीन म्हणतं

“काका, तुम्ही तर वारलात.”

सरकारी इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीवाल्याने हे इतक्या सहज सांगितलं, की घड्याळजींना आधी वाटलं आपल्याला ऐकू कमी येतंय. पण कान शाबूत होते. दगा दिला होता तो डोळ्यांनी. उजवा जवळजवळ गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लवकर झालं नाही तर गेलेली नजर परत येणार नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी आरोग्य विम्यात ते फुकट होतं. मिळकतीची अट नाही. वय आणि ओळखपत्र पुरे. बायको मात्र सारखी म्हणत होती, “अहो, कशाला घाई? बघू पुढे.” शेवटी तिला न सांगता ते एकटेच काठी टेकत आले होते.

“नीट बघा. मी हा तुमच्यासमोर उभा आहे,” ते म्हणाले.

“तुमचं विम्याचं कार्ड थंडीच्या आधीच निघालंय. त्यावर छातीच्या वॉर्डात उपचार झाले. तिथेच मग... म्हणजे, कार्ड बंद झालं.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. घड्याळजींचा चेहरा बघून गप्पही झालं.

दुसऱ्या दिवशी प्रकरण विमा कार्यालयातल्या तपासनीस बाईंकडे आलं. जाड चष्म्यामुळे ऑफिसात सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांनी घड्याळजींना आत बसवलं आणि कार्डावरचा फोटो पडद्यावर मोठा केला. खाटेवरचा एक म्हातारा होता. ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढलेला, गाल आत गेलेले.

घड्याळजी पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

“हा मीच आहे. कपाळ माझं, नाक माझं. पण बाई, या खाटेवर मी कधी झोपलो नाही. माझ्या नावानं हा कोण मेला?”

फसवणुकीची प्रकरणं भिंगबाईंनी ढिगाने पाहिली होती. स्वतःच्या मरणाची चौकशी करायला आलेला माणूस पहिलाच.

त्यांनी खिडकीवाल्याला बोलावलं.

“हे कार्ड तुम्हीच काढलंत?”

“हो. वॉर्डात जाऊन. पेशंटला उठवत नव्हतं.”

“अंगठा?”

“उमटलाच नाही. म्हाताऱ्या माणसांचे पुष्कळदा उमटत नाहीत. याचा तर घासून गुळगुळीत झालेला. या काकांचाही काल तसाच. मग चेहरा घेतला. ओळखपत्राच्या फोटोशी जुळला.”

“आणि फोनवर आलेला नंबर कुणी सांगितला?”

“सोबतच्या बाईंनी. बायको म्हणाल्या.”

“खात्री केलीत?”

“मशीन हो म्हणालं, मॅडम. मी कोण नाही म्हणणारा?”

“डोकं असलेला माणूस,” भिंगबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

छातीचा वॉर्ड जुन्या इमारतीत होता. उंच छत, हिरवट भिंती, आणि दुपारच्या उजेडातही कोपऱ्यांत अंधार. कोपऱ्यातली खाट रिकामी होती. बाकीच्या सगळ्या भरल्या होत्या.

“तिथे कुणी झोपत नाही,” सिस्टर म्हणाल्या. वय झालेल्या, करारी बाई. पण बोलताना आवाज उतरला होता. “त्या घड्याळामुळे.”

खाटेसमोरच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. टिक्, टिक्. वॉर्डभर तेवढाच आवाज.

“मी इथे लागले तेव्हापासून ते बंदच होतं. हे आजोबा आले, चार दिवस नुसते त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, खाली काढून द्या. माझ्याकडचा चिमटा मागून घेतला, खाटेवर बसून धापा टाकत दुरुस्त केलं. चावी त्यांचीच होती, उशाखाली ठेवायचे. आठवड्याला एकदा द्यावी लागते म्हणायचे.”

“मग?”

“ते गेले. चावीही गेली. आणि घड्याळ अजून चालू आहे.” सिस्टरनी खांदे आवळले. “पेशंट म्हणतात, आजोबा येऊन चावी देऊन जातात. भेटीच्या वेळी गर्दीत कधी कधी कर्र कर्र आवाज येतो. वळून बघावं तर काही नाही.”

भिंगबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या. “हे पाच मिनिटं पुढे आहे.”

“त्यांनीच लावलं तसं. मी मागे करायला गेले तर चिडले.”

“भेटायला कोण यायचं?”

“बायको. रोज, डबा घेऊन. फार केलं हो त्या बाईंनी. ते फक्त एकच विचारायचे, ‘अजून रागावलाय का तो?’ त्या मान हलवायच्या. आम्हाला वाटायचं, मुलाबद्दल बोलतायत.”

तिथून भिंगबाई थेट घड्याळजींच्या दुकानात गेल्या. दुकान पुढे, घर मागे. भिंतींवर घड्याळंच घड्याळं. झाडून सगळी चालणारी, आणि सगळी पाच मिनिटं पुढे.

“आमच्या वडिलांची शिस्त,” घड्याळजी म्हणाले. “ते म्हणायचे, आपल्या दुकानातून निघालेला माणूस कुठेही उशिरा पोचता कामा नये.”

खिडकीशी कामाची दोन टेबलं होती. एकावर भिंग, चिमटे, पितळी चाकं पडलेली. दुसऱ्यावर चादर घातलेली होती. वर धूळ मात्र नव्हती. कुणीतरी रोज पुसत असावं.

“हे दुसरं टेबल?”

“कुणाचं नाही.”

घड्याळजींनी हे फार पटकन सांगितलं. पाणी घेऊन आलेली बायको दारातच थबकली. तिच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

“घरातला फोन कुणाकडे असतो?”

“गल्ल्यावर पडलेला असतो. गिऱ्हाईकसुद्धा उचलतं. मला आता आकडे कुठे दिसतात?”

फळीवर चाव्यांची रांग टांगलेली होती. मधला एक खिळा रिकामा होता.

“ती हरवली. डोळ्यांपायी कुठेतरी ठेवली असेन,” घड्याळजी म्हणाले.

भिंगबाई पाणी प्यायल्या आणि आभार मानून निघाल्या. त्यांना उत्तर मिळालं होतं. पण ते सांगायचं कसं, या विचाराने त्यांना रात्री नीट झोप आली नाही.

वॉर्डातल्या घड्याळाला चावी द्यायचा वार आला, तेव्हा भेटीच्या वेळी त्यांनी घड्याळजींना वॉर्डात आणलं आणि पडद्याआड स्टुलावर बसवलं. खिडकीवालाही होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीला टेकून. आज घड्याळाची टिकटिक अडखळत चालली होती.

“चावी संपत आलीय,” घड्याळजी पुटपुटले. मग एकदम म्हणाले, “हे आमच्या पद्धतीनं बसवलंय. ठोका ओळखतो मी. कुणी केलं हे?”

भिंगबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

भेटायला येणाऱ्यांचा लोंढा आत शिरला. त्यातून शाल पांघरलेली एक बाई कोपऱ्याकडे गेली. तिने रिकाम्या खाटेची चादर सारखी केली, पायरीच्या स्टुलावर चढली आणि घड्याळाचं दार उघडलं.

कर्र... कर्र...

सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. घड्याळजी ती शाल ओळखून काठीशिवायच उठले.

“अगं, तू?”

शालीतली बाई वळली. ती त्यांची बायको होती. हरवलेली चावी तिच्या हातात होती.

“भूत नाही, सिस्टर,” भिंगबाई म्हणाल्या. “अंगठा घासून गुळगुळीत होतो तो आयुष्यभर बारीक चाकं फिरवणाऱ्याचा. घड्याळजींचा तसा, मेलेल्याचाही तसाच. म्हणजे तो त्याच धंद्यातला. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची शिस्त एकाच बापाने शिकवलेली. आणि चेहरा मशीनला जुळला, इतकंच काय, स्वतः घड्याळजींनाही आपलाच वाटला. तुमच्या दुकानातलं दुसरं टेबल तुमच्या धाकट्या भावाचं आहे ना, काका?”

घड्याळजी काठी चाचपू लागले.

“त्याने दुकानात बॅटरीची घड्याळं आणली,” बायको खाली उतरत म्हणाली. “एवढंच त्याचं पाप. ‘खेळणी विकायची तर दुसरीकडे वीक,’ म्हणून हाकलला यांनी. पुन्हा नाव काढू दिलं नाही घरात. परतला तो छाती पोखरून घेऊनच. मी त्याच्याच नावानं अर्ज करायला गेले होते. खिडकीवर म्हणाले, वय बसत नाही, सत्तरीला अजून दोन वर्षं आहेत.” तिने खिडकीवाल्याकडे पाहिलं. “आजार थांबतो का हो दोन वर्षं?”

“मग यांचं ओळखपत्र दिलंत.”

“दिलं. चावीही मीच नेली. त्याला झोप लागत नव्हती, टिकटिक ऐकल्याशिवाय.”

“आणि माझे डोळे?” घड्याळजींनी विचारलं.

त्यावर ती कोसळलीच. खाटेच्या कडेवर बसली. “कार्ड बंद झालं, आणि मग तुमची नजर जायला लागली. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. तुम्ही भिंग शोधत चाचपडायचात, आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. मी एकाला जगवायला गेले आणि दुसऱ्याला आंधळं करायला निघाले.”

भिंगबाईंनी चष्मा पुसला. “ताई, मला हे लिहावं लागेल. तुम्हाला जबाब द्यावा लागेल, आणि चेहऱ्यावर भागवणाऱ्या या गृहस्थांनाही.” मग त्या घड्याळजींकडे वळल्या. “काका, तुमचं कार्ड आठवड्याभरात परत जिवंत होईल. डोळे वाचतील. पण एक अट आहे. तुमच्या नावानं जो गेला तो खरा कोण, हे रक्ताच्या माणसानं सांगायला हवं. त्याचं नाव, आणि तुमचं त्याच्याशी नातं.”

घड्याळजी चाचपडत रिकाम्या खाटेपाशी गेले. उशीवरून हात फिरवला.

“मला विचारायचा का काही?”

“रोज विचारायचा,” बायको म्हणाली. “अजून रागावलाय का तो?”

“तू काय सांगायचीस?”

“मान हलवायची. त्यानं काय समजायचं ते समजावं म्हणून.”

मग कित्येक वर्षांत न उच्चारलेलं ते नाव त्यांनी घेतलं. आधी घोगरं आलं, म्हणून पुन्हा, मोठ्याने. वॉर्डातले पेशंटही वळून बघायला लागले.

“नातं?” भिंगबाईंनी हळूच विचारलं.

“भाऊ. सख्खा.”

बायकोने चावी त्यांच्या हातात ठेवली. तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते स्टुलावर चढले आणि बोटांनीच भोक शोधून उरलेली चावी दिली. टिकटिक पुन्हा सरळ झाली. सिस्टर म्हणाल्या, “आता वेळ बरोबर करून टाका, आजोबा.”

घड्याळजींनी काट्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

“राहू दे. पाच मिनिटं पुढे ठेवूनही मी उशिराच पोचलो.”