नवी कातडी

लग्नाआधी मी ठाण्याला एका दवाखान्यात ड्रेसिंग करायचे. त्यामुळे २००५ साली कशेळीला सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंचा पाय आपोआप माझ्याकडे आला. साखरेचं दुखणं. डाव्या घोट्यापासून टाचेपर्यंत जखम. रोज सकाळी सलाइननं धुवायची, मलम लावायचं, गॉज ठेवून पट्टी बांधायची. गावातल्या शेतांवर तेव्हा गोदामं उठत होती, खाडीपुलावर अडकलेल्या ट्रकांचे हॉर्न घरात ऐकू यायचे. दारातल्या खाटेवर बाबा, म्हणजे माझे सासरे, बसलेले असायचे. डोळे गेले होते, पण कोण आलं ते पावलांवरून सांगायचे. कधी चुकायचे नाहीत.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत जखम सुकली नाही तर पाय कापावा लागेल. आता माझ्या हाताखाली जखमा सुकतात हो, उगाच नाही सांगत. कडेनं गुलाबी कातडी धरायची, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा लाल मांस. पट्टी कुणीतरी सोडून परत बांधलेली. माझी गाठ मी ओळखते.

संशय आला तो सासूबाईंवरच. पाय बरा झाला की सून मोकळी होईल, परत कामाला जाईल, ते त्यांना नको असणार. माझं डोकंच फिरलं. एका दुपारी भांडी घासायचं निमित्त केलं आणि मोरीच्या दाराआडून पाहिलं. त्या नखानं नवी कातडी खरवडत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. दुसऱ्या मुठीत गळ्यातला चांदीचा टाक घट्ट धरलेला. बाबांची पहिली बायको हौसा बाळंतपणात गेली, तिच्या नावाचा तो टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीसाठी घालायचा असतो तसा.

मी त्यांची नखं कापली. पट्टीवर जुना मोजा चढवला आणि वरून दोऱ्यानं पक्का शिवून टाकला. रोज सकाळी उसवायचा, ड्रेसिंग झालं की परत शिवायचा. पाय जाईल तुमचा, म्हणून ओरडलेही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तो माजा न्हाय."

म्हातारपणाची बडबड, असं मी नवऱ्याला सांगितलं.

जखम भराभर भरू लागली. मी खूश. मग नव्या कातडीत हिरवट ठिपके दिसले. आधी वाटलं, पू धरला. चिमट्यानं दाबून पाहिलं तर कातडी कोरडी, निरोगी. मग वाटलं, बॉलपेनची शाई. स्पिरिटनं घासलं, गेली नाही. रोज ठिपके वाढत गेले आणि शेवटी टाचेच्या वर छोटी तुळस उमटली. गोंदण.

सासूबाईंच्या अंगावर कुठेच गोंदण नव्हतं. गोंदणारीण आली की सुईच्या भीतीनं आपण पेंढ्यात लपायचो, हे त्याच हसून सांगायच्या.

कुणी गोंदून दिलं, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. त्यांनी गळ्यातला टाक मुठीत धरला. मोजा मीच शिवला होता. टाके माझेच होते.

डॉक्टर पाय बघून खूश झाले. सासूबाईंनी त्यांचे हात धरले.

"कापा," त्या म्हणाल्या. "पाया परते, कापा."

डॉक्टर हसले. नवरा आईवर रागावला. मला भीती वाटायला लागली होती आणि ते बोलायची लाज वाटत होती.

घरी आलो. रिक्षातून उतरून सासूबाई कितीतरी महिन्यांनी दोन्ही पायांवर दारापर्यंत चालत आल्या.

खाटेवर बाबांनी मान वर केली. थोडा वेळ ऐकत राहिले.

"हौसा?"

एवढ्या मायेनं त्यांना कुणाला हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. उजवं पाऊल घराकडेच होतं.

डावं हळूच खाटेकडे वळलं.